शालूचा लाल, चेहऱ्याचा रंग आणि लॅबमधून आलेली काळपट शीट

प्रश्न असा आहे: "मी दोन वर्षांपासून तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढतो, एडिटिंगही स्वतःच करतो. तीन अडचणी आहेत. शालूचा लाल रंग सपाट डागासारखा येतो. चेहरे प्लास्टिकचे दिसतात. आणि स्क्रीनवर छान दिसणारा फोटो लॅबमधून काळपट येतो. शिवाय पार्टी काहीही मागते: गोरं करा, बारीक करा, वारलेल्या वडिलांना शेजारी उभं करा. कुठपर्यंत ऐकायचं? आणि रॉ फाइली (कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या, मूळ फाइली) किती दिवस ठेवायच्या?"

तिसरी अडचण आधी घेतो. स्क्रीनच खोटं बोलत असेल तर शालूवर आणि चेहऱ्यावर केलेली सगळी मेहनत अंदाजपंचे.

लॅबवाल्याला शिव्या घालण्याआधी मॉनिटरचा ब्राइटनेस बघा. नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तो दुकानात उठून दिसावा अशा बेताने भगभगीत ठेवलेला असतो. स्क्रीन स्वतः उजेड फेकते. कागद बिचारा त्याच्यावर पडलेला उजेड तेवढा परत देतो. भगभगीत स्क्रीनवर तुम्ही फोटो डोळ्याला बरा वाटेपर्यंत खाली आणता, आणि तोच खाली आणलेला फोटो कागदावर काळवंडतो. प्रिंटसाठी काम करणारे लोक स्क्रीन साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर (हे उजेडाचं माप) ठेवतात, पांढऱ्याची छटा ६५०० केल्व्हिनच्या आसपास, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२. हे नुसत्या नजरेने जमत नाही, त्यासाठी स्क्रीनवर टेकवायचं कॅलिब्रेटर नावाचं छोटं यंत्र मिळतं. एका बऱ्या लेन्सच्या मानाने ते स्वस्त पडतं, गावातल्या दोघातिघांनी मिळून घेतलं तरी भागतं. ते येईपर्यंत गावठी उपाय करा. लॅबमधून आलेली एक शीट (अल्बमचं छापलेलं पान) खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशी धरा, तीच फाइल स्क्रीनवर उघडा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवत जा. माझ्या मॉनिटरवर काटा शंभरातल्या तिशीपर्यंत आला होता. पहिले दोन दिवस सगळं मळकट वाटतं, मग डोळा बसतो.

माझं स्वतःचं एक येडपटपण सांगतो. स्टुडिओचं रंगकाम काढलं तेव्हा हौसेने एडिटिंगच्या खोलीला पोपटी रंग दिला. त्यानंतर चार-पाच महिने माझ्या शीटा हिरवट यायच्या. लॅब बदलून बघितली, तरी तेच. भिंतीचा पोपटी डोळ्यात मुरला की स्क्रीनवरचे चेहरे उगाच गुलाबी वाटायला लागतात, आणि मी इमानेइतबारे तो गुलाबी काढत बसलो होतो. खोलीला राखाडी रंग दिला आणि लॅब सुधारली! तुमच्या मॉनिटरमागे काय रंग आहे ते बघा. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली बसता की ट्यूबखाली, तेही बघा.

फाइल पाठवताना एसआरजीबी (रंगांची नेहमीची मोजपट्टी), आणि प्रोफाइल, म्हणजे मोजपट्टी कोणती हे सांगणारी चिठ्ठी, जोडलेलं. कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी ही जास्त रुंद मोजपट्टी निवडून तीच फाइल लॅबला गेली आणि तिथलं मशीन प्रोफाइल वाचत नसेल, तर फोटो फिका, मरगळलेला येतो. मग पुढच्या वेळी तुम्ही सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवून पाठवता आणि गोंधळ दुप्पट होतो. अख्खा अल्बम छापायला टाकण्याआधी एक चाचणीची शीट काढायची सवय लावा. त्यात एक सावळा चेहरा, एक लाल साडी, एक पांढरा सदरा आणि एक काळा कोट असला म्हणजे लॅब काय करते ते चारही बाजूंनी कळतं.

आता शालू.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि लोक त्यावर सगळ्यात चुकीचा उपाय करतात, तो म्हणजे क्लॅरिटी (कडांचा उठाव वाढवणारा स्लायडर) वाढवणे. फोटोशॉपमध्ये चॅनेल्सचा पॅनेल उघडा आणि लाल चॅनेल (फोटो ज्यांचा बनतो त्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी एक) एकटा बघा. शालूच्या जागी पांढराफटक कागद दिसेल, एक चुणी नाही. आता हिरवा चॅनेल बघा. काळोखा असेल, पण त्यात सगळ्या निऱ्या, बुट्टे, पदराची घडी जशीच्या तशी दिसेल. याचा अर्थ असा की जेपेगमध्ये एका रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. निरीचा उजळ भाग आणि तिच्या शेजारची किंचित अंधारी घडी, दोन्ही लाल चॅनेलमध्ये २५५ ला जाऊन टेकल्या. दोघींमधला फरक तिथेच मेला. क्लॅरिटी मेलेल्याला उठवू शकत नाही, ती फक्त कडा काळ्या करते.

यातला मोठा वाटा बऱ्याचदा कॅमेऱ्याचा नसतो, आपलाच असतो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचा साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) हिरव्याला जास्त वजन देतो, त्यामुळे लाल टेकलेला असूनही आलेख सुरक्षित दिसतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम दाखवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू करा. रॉमध्ये काढलं असेल तर अर्धी लढाई जिंकलीच, कारण १४ बिटच्या रॉमध्ये एका रंगाला १६,३८४ पायऱ्या असतात आणि लाल तिथे बहुधा जिवंत असतो. तो मरतो रॉ उघडताना लागणाऱ्या भडक प्रोफाइलमुळे आणि त्यावर आपण मारलेल्या प्रीसेटमुळे, म्हणजे तयार सेटिंगमुळे.

मी करतो ते असं. रॉ उघडल्यावर प्रोफाइल न्यूट्रल करतो. एक्स्पोजर अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खाली आणि चेहरा नंतर मास्कने, म्हणजे फक्त तेवढा भाग निवडून, वर. लाल रंगाचं सॅच्युरेशन दहा-पंधराने उतरवतो, त्याचा ल्युमिनन्सही (उजळपणा) थोडा खाली. नव्वद टक्के शालू एवढ्यावर मोकळे होतात. जो हट्टी असतो, त्याच्यासाठी फोटोशॉपमध्ये नवा रिकामा लेयर घ्यायचा, इमेज मेनूतल्या अप्लाय इमेजमध्ये लेयर मर्ज्ड, चॅनेल ग्रीन, ब्लेंडिंग नॉर्मल निवडून त्यात हिरवा चॅनेल ओतायचा. फोटो काळा-पांढरा होतो, घाबरू नका. लेयरचा मोड ल्युमिनॉसिटी करा, काळा मास्क लावा आणि फक्त शालूवर पांढऱ्या ब्रशने तीस-चाळीस टक्के फिरवा. रंग खालच्या लेयरचा राहतो, चुण्या हिरव्या चॅनेलमधून येतात. शालू थोडा गडद होतो तो कर्व्हने (उजळपणाची रेघ वाकवून) उचलायचा. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा निऱ्या उगवताना दिसतील. सव्वीस वर्षं हे काम करतोय, मला अजूनही ती गंमत वाटते.

जरीकडे मात्र लक्ष ठेवा. जर पिवळ्या-नारिंगीत मोडते आणि चेहराही नारिंगीत. चेहऱ्यासाठी नारिंगीचा स्लायडर ओढला की पैठणीचा काठ पितळेचा होतो. रंगाचे स्लायडर अख्ख्या फोटोवर ओढायचे दिवस गेले, मास्क लावा.

हळदीचं थोडक्यात. ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप रंग जुळवतो ती सोय) एवढा पिवळा बघून बिचकतो आणि सगळं निळ्याकडे ढकलतो. मग नवरी पांढुरकी आणि मागच्या पाहुण्यांचे सदरे निळे. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर लावायला आपल्याकडे गांधी टोपी हाताशी असते खरी, पण नीळ किंवा चमक आणणारी पावडर घातलेली टोपी कॅमेऱ्याला निळसर दिसते आणि तिच्यावर ड्रॉपर मारला की फोटो पिवळा धमक. खिशात राखाडी कार्ड ठेवा, विधी सुरू होण्याआधी करवलीच्या हातात देऊन एक फ्रेम काढा. हळद लागलेल्या गालाचा पिवळा पूर्ण काढायच्या भानगडीत पडू नका. तो हळदीचा फोटो आहे. पिवळ्याचा ह्यू (छटा) किंचित नारिंगीकडे सरकवला आणि सॅच्युरेशन थोडं उतरवलं की पुरे.

स्टेजवरच्या जांभळ्या-निळ्या एलईडीचं दुखणं मात्र एडिटमध्ये बरं होत नाही. निव्वळ निळ्या दिव्याखालच्या चेहऱ्यावर लाल आणि हिरव्या चॅनेलमध्ये माहितीच नसते, आणायची कुठून? एक तर फोटो कृष्णधवल करा, नाहीतर वरात येण्याआधी डेकोरेशनवाल्याला चहा पाजून चेहऱ्यावरचे दोन पार लाइट (स्टेजचे फोकस दिवे) वॉर्म पांढरे करून घ्या. मी चहाचा मार्ग पत्करतो. काही दिवे लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात, त्यालाही एडिटपेक्षा शटर बरं: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, १/५० किंवा १/१०० ठेवा.

चेहरे.

मी ज्या स्टुडिओत शिकलो तिथे निगेटिव्हवर रिटचिंग चालायचं. उतरत्या डेस्कवर दुधी काच, मागून उजेड, त्यावर निगेटिव्ह आणि सुईसारखी टोकदार पेन्सिल. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की तेवढी जागा प्रिंटमध्ये उजळते, त्यामुळे डोळ्याखालचं काळं वर्तुळ, पुटकुळीचा खड्डा भरता येई. आमचे उस्ताद एका चेहऱ्यावर पाच-सात मिनिटं काम करायचे आणि पेन्सिल ठेवून द्यायचे. जास्त वेळ बसलं की ते डाफरायचे, "आता तू चेहरा काढायला लागलास." फोटोशॉप १९९० साली आलं, त्यात लेयर १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले, हीलिंग ब्रश (डागावर शेजारची कातडी बसवणारा) २००२ मध्ये. हत्यारं बदलत गेली, पण चेहरा "काढायला" लागायची खोड तीच आहे. आता तर ती एका स्लायडरवर आली.

चेहरा प्लास्टिकचा का दिसतो? कातडी म्हणजे रंग आणि पोत अशा दोन गोष्टी. स्किन स्मूथचा स्लायडर किंवा ब्लर दोन्ही एकदम पुसतो. डाग जातो, सोबत रोमरंध्रं जातात, ओठाच्या कडेची बारीक लव जाते, आणि उरते ती साबणाची वडी. फ्रीक्वेन्सी सेपरेशनमध्ये हे दोन वेगळे करतात: खालच्या लेयरवर ब्लर केलेला रंग, वरच्या लेयरवर लिनियर लाइटमध्ये नुसता पोत. ८ बिटच्या फाइलला वरच्या लेयरवर अप्लाय इमेजमध्ये खालचा लेयर निवडून सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८. १६ बिटला ॲड, इन्व्हर्टवर टिक, स्केल २, ऑफसेट ०. ब्लर किती, तर पोत नुकता दिसेनासा होईल एवढाच. ही पद्धत शिका, पण रोज वापरू नका. खालचा लेयर जोरात ब्लर करून लोक याच पद्धतीने आणखी महागडं प्लास्टिक बनवतात.

माझा नेहमीचा रस्ता साधा आहे. रिकाम्या लेयरवर हीलिंग ब्रश, सॅम्पल करंट अँड बिलो, आणि नियम एकच: जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार होतं ते काढायचं. पुटकुळी, मच्छर चावल्याचा फोड, मुंडावळ्यांचा दोरा रुतून उठलेला वळ. जे कायम तिथे आहे ते विचारल्याशिवाय नाही. हा नियम मी ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका नवरीच्या ओठाच्या वरचा तीळ मी डाग समजून अख्ख्या अल्बममधून काढला, बावीस फोटोंतून, रात्रभर बसून. अल्बम द्यायला गेलो. तिच्या आईने दोन पानं उलटली आणि म्हणाली, "ही आमची नाही." सगळ्या शीटा माझ्या खर्चाने पुन्हा छापल्या.

हीलिंगनंतर डॉज आणि बर्न, म्हणजे थोडंथोडं उजळ आणि गडद करणं. दोन कर्व्ह लेयर, एक उजळ एक गडद, दोन्हींचे मास्क काळे, ब्रशचा फ्लो दोन-तीन टक्के. डोळ्याखालची सावली अर्धी उचलायची, पूर्ण नाही. पहाटे चारला उठून घाणा भरलेली मुलगी थोडी दमलेली दिसणारच.

आणि प्रत्येक चेहऱ्यावर हे करायचं नाही. १२ बाय ३६ ची शीट ३०० डीपीआयला ३६०० बाय १०,८०० पिक्सेलची होते. पंचवीस माणसांच्या ग्रुपमध्ये त्यातला एक चेहरा एक इंचाचा, म्हणजे तीनशे पिक्सेलचा. तिथे रोमरंध्रं दिसतच नाहीत. चारशे टक्के झूम करून मावशींच्या सुरकुत्या मोजत बसणारी पोरं मी बघितली आहेत. झूम शंभरवर ठेवा, अधूनमधून फोटो शीटच्या आकाराएवढा करून हातभर मागे सरका.

रंगासाठी डोळ्यापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवा. इन्फो पॅनेलमधला दुसरा रकाना सीएमवायकेवर (छपाईच्या चार शाया: निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळा, काळा) लावा आणि ड्रॉपर गालाच्या मधल्या उजेडावर न्या, चकाकीवर नको, लालीवर नको. आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांवर पिवळा मॅजेंटापेक्षा थोडा जास्त येतो आणि सायन मॅजेंटाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. सायन २५, मॅजेंटा ५०, पिवळा ६० असं काही दिसलं तर चेहरा ठीक बसलाय. मॅजेंटा पिवळ्याच्या वर गेला की माणूस उन्हात भाजल्यासारखा. सायन फार खाली गेला की तापातून उठल्यासारखा. सावळ्या चेहऱ्यावर तिन्ही आकडे वाढतात, सायन जास्त वाढतो, पण हा क्रम सहसा मोडत नाही. पोपटी भिंतीच्या प्रकरणात मला या आकड्यांनीच सोडवलं.

आता "गोरं करा".

नवऱ्याची आई काउंटरवर वाकून हळूच सांगते, "जरा उजळ करा हां." तिच्या मागे नवरी उभी असते आणि तिला ऐकू जातं. अशा वेळी मी "उजळ" हा शब्द पकडतो आणि "गोरं" सोडून देतो. चेहऱ्यावर उजेड कमी पडला असेल तर तो वाढवणं माझं कामच आहे, कारण मांडवात मी फ्लॅश नीट मारला नाही ही माझी चूक. त्यासाठी मास्क लावून एक्स्पोजर वर, वर सांगितलेला आकड्यांचा क्रम सांभाळून. पण नारिंगीचा ल्युमिनन्स पन्नासवर नेऊन कातडीचा रंगच बदलणं, ते मी करत नाही. तत्त्वाची गोष्ट बाजूला ठेवली तरी ते कामच वाईट दिसतं. नाकाची, गालाची, हनुवटीची सावली रंगासोबत पुसली जाते आणि चेहरा पोळीसारखा सपाट होतो. मानेचा रंग वेगळा, हिरव्या चुड्यातल्या हातांचा वेगळा, सप्तपदीच्या फोटोत पाय तिसऱ्याच माणसाचे. मी त्या बाईंना दोन ४ बाय ६ प्रिंट काढून देतो, एक नीट उजेडाची, एक गोरी केलेली, आणि घरी जाऊन दाखवा म्हणतो. आजवर गोरी प्रिंट घेऊन परत आलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

यात आपला एकट्याचा दोष नाही हेही खरं. रंगीत फिल्मच्या काळात लॅबना रंग जुळवायला कोडॅकचं जे कार्ड मिळायचं, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे, धंद्यात त्याला शर्ली कार्ड म्हणत. ती बाई बरोबर दिसली की मशीन बरोबर. मग सावळा माणूस काळा का येतो हे विचारायची सोय नव्हती. उलट बाजूचं उदाहरण १९९४ च्या जूनमधलं. अमेरिकेत ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णीय माजी फुटबॉलपटूला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पोलिसांनी काढलेला त्याचा एकच फोटो 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर घेतला. 'न्यूजवीक'ने जसा होता तसा ठेवला, 'टाइम'ने चेहरा गडद केला. दुकानात दोन्ही अंक शेजारी लागले आणि वाचकांनी फरक लगेच पकडला, 'टाइम'ला खुलासा करावा लागला. कर्व्हची एक रेघ एवढं करू शकते.

"बारीक करा" यावर फार लिहीत नाही. लिक्विफायने (फोटो ढकलून वाकवणारं हत्यार) कंबर आत ढकलली की साडीचा काठ वाकतो आणि मागचा मांडवाचा खांबही कंबरेला लागून वाकतो. लेन्समुळे कडेचा माणूस रुंद दिसत असेल तर तेवढं लेन्स करेक्शनने सरळ करा, ते न्याय्यच आहे.

तुम्ही गावातल्या कार्यक्रमांचे फोटो वर्तमानपत्राला देत असाल तर एक लक्षात ठेवा, तिथे वरचं जवळजवळ काहीच चालत नाही. एक्स्पोजर, रंगाचा तोल, क्रॉप, बस. २००३ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या एका छायाचित्रकाराने इराकमध्ये लागोपाठ काढलेल्या दोन फ्रेम जोडून एक दमदार फोटो केला. मागच्या गर्दीतली काही माणसं फोटोत दोनदा आली होती, त्यावरून पकडला गेला आणि नोकरी गेली. दोन्ही फ्रेम खऱ्या होत्या. जोड खोटी होती.

वारलेल्या वडिलांना शेजारी उभं करणं. ही मागणी दर हंगामात येते आणि मी सहसा नाही म्हणत नाही. पण आधी विचारतो की उभेच हवेत का? कारण उभा माणूस करायला धड लागतं, चपला लागतात, सावली लागते आणि बहुतेकांकडे असतो तो एक पासपोर्ट फोटो. मग कोणाचं तरी धड लावायचं आणि मुलगी ते हात बघून म्हणणार, हे बाबांचे हात नाहीत. त्यापेक्षा मागच्या भिंतीवर हार घातलेल्या चौकटीत फोटो ठेवला तर खोटंही वाटत नाही आणि माणूस लग्नात हजर राहतो.

तरीही उभे करायचेच ठरलं तर पासपोर्ट फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो साधारण ८२७ बाय १०६३ पिक्सेल देतो, दोन इंची चेहऱ्याला तेवढं पुरतं. जुना कागद दाणेदार असेल तर स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडून प्रत्येक दाण्याची सावली येते. एकदा सरळ आणि एकदा उलटा, १८० अंशांत फिरवून, असे दोन स्कॅन करा, दुसरा परत सरळ करून पहिल्यावर बसवा आणि ५० टक्के ओपॅसिटी द्या. समोरासमोरच्या सावल्या एकमेकींना खातात आणि दाणे बरेचसे विरतात. सत्तरच्या दशकातले रंगीत प्रिंट लालसर झालेले असतात, कारण त्यांतला सायन आधी उडतो. तो तिन्ही चॅनेलच्या कर्व्हने वेगवेगळा भरायचा. मग नव्या फोटोतली सगळ्यात काळी जागा आणि जुन्या चेहऱ्यातली सगळ्यात काळी जागा एका आकड्यावर आणा, उजेडाची बाजू जुळत नसेल तर चेहरा आडवा उलटवण्याचा मोह टाळा (भांग उजवीकडून डावीकडे जातो आणि घरच्यांना ते लगेच खुपतं), आणि शेवटी नव्या फोटोएवढा नॉइज (बारीक रवाळपणा) जुन्या चेहऱ्यावर टाका. चिकटवल्यासारखं दिसण्याचं खरं कारण कडा नसतात. नॉइज जुळलेला नसतो.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल (निवडलेली जागा एआयने भरणारं हत्यार) २०२३ पासून आहे. मांडवाच्या कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची, वायरी, पाण्याचे जार काढायला मी ते रोज वापरतो आणि माझे तासन्‌तास वाचतात. चेहऱ्यावर आणि दागिन्यांवर लावत नाही. गळ्यावरचा एक केस काढायला गेलो तर त्याने मंगळसूत्राच्या दोन वाट्यांची एकच वाटी करून ठेवली होती, शीट छापायच्या आदल्या रात्री दिसलं. आणि जुन्या धूसर फोटोतली आजी "एन्हान्स" करून घेतली की डोळे, दात सगळे लख्ख येतात. फक्त ते आजीचे नसतात.

रॉ किती दिवस ठेवायच्या? दोन कॅमेरे मिळून एका लग्नाचे दीडशे-दोनशे जीबी होतात, त्यामुळे पावतीवर मी एक वर्ष लिहितो. प्रत्यक्षात काही टाकून देत नाही. दोन हार्ड डिस्क, एक स्टुडिओत, एक घरी. नाकारलेल्या फ्रेमही ठेवतो, फक्त डोळे मिटलेल्या आणि हललेल्या उडवतो.

मागच्या दिवाळीआधी एक मुलगा आला, त्याचं लग्न मी सहा-सात वर्षांपूर्वी केलं होतं. वडील गेले, चौकटीला लावायला बरा फोटो नाही. आधारवरचा चेहरा घेऊन सदरा-टोपी चढवून द्या म्हणाला. मी जुनी डिस्क लावली. अल्बममध्ये जेवणावळीचा एक फोटो होता, त्यात नवरा-नवरी घास भरवताहेत. त्याची मूळ रॉ उघडली तर उजव्या कडेला त्याचे वडील होते, हातात जिलबीचं ताट, कोणाकडे तरी बघून हसत. शीटच्या मापात बसवताना मीच त्यांना कापलं होतं. मी क्रॉप काढला, तेवढा भाग ८ बाय १२ ला घेतला, एक्स्पोजर अर्धा स्टॉप वर केलं. मागून कोणीतरी द्रोण पुढे केलेला हात फ्रेममध्ये येत होता. मुलगा म्हणाला, राहू दे.